देवाच्या डाव्या कुशीला

"अगं हौसा, आधी आत ये! फुलं राहू देत तिथंच."

मी गाभाऱ्यातनं ओरडलो. बायको ओट्यावर झेंडू निवडत बसली होती. पदराला हात पुसत ती आली आणि उंबऱ्यातच थबकली. भैरोबाच्या पायाशी शेंदराचा भाकरीएवढा तुकडा गळून पडला होता. वर बघितलं तर देवाच्या गालाला भगदाड, आणि त्यातनं एक दगडी डोळा आमच्याकडं बघत होता. अर्धा मिटलेला, शांत, फार सुबक कोरलेला. आमच्या भैरोबाचे डोळे चांदीचे, मोठाले, चुकलात तर कान धरतील असे. हा आतला कोण ते मला उभ्या जन्मात ठाऊक नव्हतं.

"आत दुसराच देव हाय की ओ," हौसा पुटपुटली.

"दुसरा कुठला? त्योच असंल."

"आणि डावी कूस?" ती घाईनं पुढं आली. "डाव्या कुशीला काय झालं न्हाय न्हवं?"

डावी कूस धड होती. तिनं तिथं तळवा टेकला, डोळे मिटले, आणि मगच तिला रडू फुटलं.

आता डाव्या कुशीचं सांगितल्याशिवाय पुढचं उमगायचं नाही. मी शिदू, डोहवाडीचा गुरव. भैरोबाची पूजा आमच्या घराकडं, किती पिढ्यांपासून ते त्यालाच माहीत. आमच्यात लग्न नवऱ्याच्या गावी लागतं. तर नवरी त्या दिवशी पहाटे अंघोळ करून आईबरोबर देवळात येते. तेलात कालवलेला शेंदूर उजव्या हाताच्या पाची बोटांवर घेते आणि देवाच्या डाव्या कुशीला ओढते. म्हणते, "देवा, मी चालले, मला विसरू नको." बस, एवढंच. बापानं त्या वेळी आत थांबायचं नसतं, मग तो गुरव का असेना. अशा साऱ्या लेकींचे हात एकावर एक बसून देवाची डावी कूस चांगली वीतभर फुगली होती. नवखं माणूस विचारायचं, तुमचा देव एका अंगाला झुकलाय का हो?

आमची मंजुळाही तशीच बोटं ओढून गेली, आणि पहिल्या दिवाळीला माहेरी यायच्या आतच काविळीनं गेली. निरोप मिळून मी तिच्या सासरी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. एकुलती एक लेक. तिची लुगडी सासरच्यांनी कुणाकुणाला देऊन टाकली. लग्नाचे फोटो फोटोवाल्याच्या दुकानात राहिले आणि ते दुकानच एक दिवस उठलं. आमच्याजवळ उरला तो तिचा तेवढा हात. हौसा रोज सकाळी त्या जागी तळवा टेकायची आणि ओठ हलवायची. काय म्हणायची ते मी कधी विचारलं नाही. आई आहे, लेकीशी बोलत असेल, असं मी धरून चाललो होतो.

तर त्या देवाचं शेंदराचं कवच आता सुटायला लागलं होतं.

बातमी गावात पोचायला कितीसा वेळ! सरपंच जयवंत तोंडात दात घासायचा ब्रश तसाच ठेवून आला. मोठा हौशी गडी. मागं एका जत्रेला ह्याच्याच मंडळानं देवाला ऑइल पेंट मारला होता. शेंदूर फिका पडतो, पेंट कसा वर्षभर चकाकतो, असं त्याचं म्हणणं. आणि चकाकला हो देव! लांबच्या गावची माणसंसुद्धा वाहवा करून गेली.

"शिदूमामा, देवानं कवच टाकणं शुभ असतंय ना? वाजवत डोहात सोडायचं असतंय म्हणत्यात."

"आपणहून अख्खं टाकलं तर शुभ. हे सडून गळालंय रे बाबा. वास बघ."

जयवंतनं वास घेतला आणि ब्रश खिशात घातला. त्यानंच मग कुणाकुणाला फोन करून पुण्याच्या एका संस्थेतनं बाई बोलावली. जुन्या मूर्ती दुरुस्त करणारी. पाठारे मॅडम. बारकी अंगलट, खांद्याला माणसाएवढी पिशवी, आणि बोलणं एकदम सरळ. मला तर ती पहिल्या दिवशीच आवडली, कारण देवासमोर आल्याबरोबर तिनं भिंग काढायच्या आधी हात जोडले.

तिनं गालाच्या भगदाडात बांबूची कामटी घातली, हलकेच फिरवली आणि म्हणाली, "काका, हात पुढं करा."

माझ्या तळहातावर पिठासारखं काहीतरी पडलं.

"काय हे? अंगारा?"

"तुमचा देव," ती म्हणाली.

मग तिनं नीट समजावलं. नुसता शेंदूर आणि तेल असतं तोवर दगडातली ओल हळूहळू बाहेर पडत होती. पेंटनं वाट बंद केली. पाणी आत कोंडलं आणि दगड कुजायला लागला. सगळं कवच उतरवून दगड वाळवला तरच मूर्ती वाचेल, नाहीतर आणखी थोड्या पावसाळ्यांनी कवचाच्या आत माती सापडेल.

जयवंत मान खाली घालून ऐकत होता. त्याला कुणी काही बोललं नाही. बोलायला हवं होतं का, तर ते आता कोण सांगणार, सगळ्यांनीच तर टाळ्या वाजवल्या होत्या.

"सगळं उतरवायचं म्हणता," मी म्हटलं. "डावी कूससुद्धा?"

"तिथं थर सगळ्यात जाड आहे. ओलही तिथंच जास्त असणार."

"आणि मग नवा शेंदूर कधी लावायचा?"

"शेंदूर नाही लावायचा काका. आमच्या साहेबांचं तसं स्पष्ट सांगणं आहे. मूर्ती घडवणाऱ्यानं घडवली ते तिचं खरं रूप. नंतर चढलं ते नंतरचं. ते उतरवायचं, पुढं कठडा घालायचा, आणि कुणी हात लावायचा नाही."

"मग लेकींनी काय करायचं?"

"कुठल्या लेकींनी?"

मी तिला सगळं सांगितलं. मंजीचंही सांगितलं. तिनं वही काढली होती ती मिटून ठेवली. मग म्हणाली, "माझ्या हातात फक्त दगड वाचवणं आहे हो काका. बाकीचं मला कुणी शिकवलं नाही."

आमच्या गावची रीत अशी, की कवचाला पहिला हात गुरवाचा. मी नाही म्हटलं असतं तर संस्था काय आणि सरपंच काय, कुणाची टाप नव्हती पुढं व्हायची. गाव माझ्या तोंडाकडं बघत बसलं, आणि मी हौसाच्या.

हौसानं घरी भांडी आदळायला सुरुवात केली. मी विषय काढला की चूल फुंकायची, नाहीतर उठून गोठ्यात जायची. शेवटी एकदा जेवताना मी म्हटलं, "असं किती दिवस चालायचं? बोल तरी."

"काय बोलू? लेकीचा हात खरवडून काढायला निघालाय तुम्ही. माझ्या तोंडनं हो वदवून घ्यायचंय?"

"अगं, मला काय सुख वाटतंय? माझी न्हवती का ती?"

"असती तर असं म्हणाला नसता."

इतक्या वर्षांत ती मला इतकं लागेलसं कधी बोलली नव्हती. बोलून तिलाही वाईट वाटलं असावं, कारण तिनं न मागता माझ्या ताटात आमटी वाढली. मग हळूच म्हणाली, "उघडू नका ओ ते. झाकलेलं हाय ते बरं हाय. हात जोडते तुमच्या म्होरं."

हे हात जोडणं मला कळलं नाही. रागावणं कळत होतं, रडणं कळत होतं, पण ती घाबरल्यासारखी दिसत होती. लेकीच्या हाताला कोण घाबरतं?

दुसऱ्या दिवशी मी तिला हाताला धरून देवळात नेलं. तिचं बोट गालाच्या भगदाडात घातलं आणि बाहेर काढलं. बोटाला पीठ लागलं होतं. तिनं ते अंगठ्यानं चोळून बघितलं, मग त्या दगडी डोळ्याकडं बघितलं. पेंटाच्या आत कोंडून बसलेला तो डोळा त्या दिवशी मला फार आजारी वाटला.

"ह्योच विरघळला तर मंजीचा हात तरी कशावर ऱ्हायचा?" मी म्हटलं.

ती देवळाच्या पायरीवर जाऊन बसली. पार ऊन डोक्यावर येईपर्यंत बसली. मी आपला घंटा पूस, समई घास, असं करत राहिलो. शेवटी बाहेरनं मला तिचा आवाज आला.

"काढा. पर मी तिथं यायची न्हाय."

काम सुरू झालं. पहिला हात मी लावला, भैरोबाला सांगून की बाबा, दुखलं तर माझ्यावर राग काढ. मग मॅडम कोमट तेलाचे बोळे ठेवायची, थर मऊ पडला की कामटीनं सैल करायची, आणि मी सुटेल तो तुकडा नव्या धोतरावर घ्यायचो. हळूहळू तो आतला देव बाहेर येत गेला. काय सांगू तुम्हाला! ओठांवर हसू, कानात कुंडलं, गळ्यात माळ, माळेतला मणी न् मणी वेगळा. गाव बघायला लोटलं. म्हातारी माणसं हात जोडून उभी राहायची आणि मागं वळून बघत परत जायची. एकानं तर मला विचारलंच, "देखणा हाय रे, पर ह्यो आपल्याला वळखतोय का?"

मलाही तेच वाटत होतं. इतका सुंदर देव, आणि मी त्याच्यासमोर पाहुण्यासारखा उभा.

डावी कूस आम्ही शेवटी घेतली. मॅडमनं फार बेतानं काम केलं. तो सगळा थर एकाच तुकड्यात सुटावा म्हणून तिनं जीव टाकला. तो सुटून माझ्या मांडीवर आला तेव्हा चांगला जड होता, तान्ह्या लेकरागत. मी वर बघितलं तर हौसा उंबऱ्यात उभी. येणार नाही म्हणाली होती, पण आली होती, आणि डोक्यावरचा पदर दातांत धरला होता.

मॅडमला तिची चाहूल नव्हती. ती तुकड्याची मोडकी कड पाण्यानं पुसून भिंगाखाली बघत होती. "काका, बघा तरी! किती थर आहेत. मध्येच चांदीचा वर्ख आहे, म्हणजे कुणीतरी नवस फेडलाय. हा वरचा चकचकीत तुमचा पेंट. आणि त्याच्या खाली..." तिनं भिंग जवळ नेलं. "हे लाल काय आहे? हा शेंदूर नाही. कुंकवासारखं दिसतंय."

"छे, कुंकू कसं असंल?" मी म्हटलं. "आमच्या भैरोबाला कुंकू चालत न्हाय. कुंकू शेजारच्या जोगूबाई देवीचं. भैरोबाला कुंकू लागलं तर त्यो कोपतो."

"पण आहे. एक पूर्ण ओढ आहे, बोटांची. वरनं लगेच शेंदूर फासलाय कुणीतरी, झाकल्यासारखा."

उंबऱ्यात धप्पकन आवाज झाला. हौसा खाली बसली होती.

"ते माझं हाय," ती म्हणाली. "माझं पाप हाय ते."

मी तुकडा खाली ठेवून धावलो. मॅडमनं पाण्याचा तांब्या आणला. हौसानं तो बाजूला सारला आणि एकदम बोलत सुटली, इतकी वर्षं तोंडात धरलेलं सगळं.

"मंजीच्या लग्नाची पहाट. ताटात दोन वाट्या. एकीत देवाचा शेंदूर, एकीत मंजीचा मळवट भरायला तेलात खललेलं कुंकू. कंदिलाचा उजेड, भाईर ट्रकवाला भोंगा वाजवून ऱ्हायलेला, तुमी भाईरनं आवरा आवरा करताय. मी घाईनं वाटी म्होरं केली. तिनं बोटं बुडवली आन् वढली. वढल्यावर बघितलं तर लालभडक! देवाला कुंकू फासलं मी माझ्या लेकीच्या हातनं. वरनं शेंदूर चोपडला आन् तिला वढत भाईर आणली. कुणाला बोलले न्हाय. तुमालाबी न्हाय." तिनं माझ्याकडं बघितलं. "वरीस फिरायच्या आत त्यानं तिला नेली. कोपला त्यो. रोज हात लावून म्हणते, चूक माझी हुती, नेयाचं तर मला नेयाचं हुतं."

इतकी वर्षं रोज सकाळी ही बाई माझ्या शेजारी उभं राहून देवापाशी स्वतःचं मरण मागत होती आणि मी घंटा वाजवत होतो.

मॅडम तुकड्यापाशी गेली होती. तिनं ओल्या कापसानं सगळी कड पुसून काढली, अगदी खालच्या टोकापर्यंत. भिंग फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग म्हणाली, "काकू, इकडं येता?"

"नगं बाई. मला बघवायचं न्हाय."

"या. मी धरते तुम्हाला."

हौसा आली. मॅडमनं तिच्या हातात भिंग दिलं आणि बोटानं दाखवलं. "ही वरची लाल रेघ तुमची. मंजुळाची. आता खाली या. ही बघा. दिसली? आणि ही. इथं जरा काळपट पडलीये, पण कुंकूच आहे. ही आणखी एक. आणि ही पार तळाची, दगडाजवळची."

हौसा भिंगातनं बघत होती. मी तिच्या खांद्यावरनं बघत होतो. भगव्या थरांमधनं लाल रेघा गेल्या होत्या, मधूनमधून, खालपर्यंत. आणि प्रत्येक लाल रेघेवर लगोलग फासलेला शेंदराचा जाड थर.

"ह्या कुणी..." हौसानं रेघेवर बोट ठेवलं.

"मला कसं कळणार काकू? पण दर वेळी तसंच झालेलं दिसतंय. कुंकू, आणि वरनं घाईनं शेंदूर. कुणीच कुणाला सांगितलेलं नाही."

मग मी बोललो. देवानंच सुचवलं म्हणा.

"हौसा, ताटात दोन वाट्या माझ्या आजीच्या येळेला न्हवत्या का? माझ्या आईच्या येळेला? आमच्या तीन बहिणी इथनं गेल्या, आत्या गेल्या, चुलत्याच्या पोरी गेल्या. सगळ्यांच्या आयांना पहाटंचीच घाई. एवढ्या रेघा हायत हितं. एवढ्या पोरी मेल्या कुठं ह्या गावच्या? कडेवर पोरं घेऊन दिवाळीला येत्यात की! त्यानं कुणाला नेलं न्हाय, हौसा. मंजीला काविळीनं नेलं."

तिनं भिंग खाली ठेवलं. त्या तुकड्यावर कपाळ टेकलं आणि ती रडली. मंजी गेली तेव्हासुद्धा तिला मी असं रडताना बघितलं नव्हतं. तेव्हा तिनं सगळं आत दाबलं होतं, हे मला त्या दिवशी समजलं. मॅडम तोंड फिरवून आपल्या कामट्या पुसत होती, आणि त्या काही पुसून होईनात.

संध्याकाळी ओट्यावर मॅडमचं फोनवर साहेबांशी वाजलं. मी समईची वात करत होतो, मला एका बाजूचंच ऐकू येत होतं. "सर, दगड वाचला पाहिजे हे मलाही कळतं... नाही सर, मळ नाहीये तो. मूर्ती कुणी घडवली ते आपल्याला कधीच कळणार नाही. पण ती कशासाठी आहे ते सांगणारी माणसं इथं बसलीयेत... उद्या कठडा घातला तर आपण दगड वाचवू आणि बाकी सगळं घालवू... होय, माझ्या जबाबदारीवर. लिहून देते." साहेब काही वाईट माणूस नव्हते. स्वतः येऊन बघून गेले. बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं, की देवाचं तोंड आणि अंग उघडं राहील, पण डावी कूस लेकींची. तिथं दगडावर आधी मेणाचा पातळ हात, त्यावर शेंदूर. पेंट कधीच नाही. थर वाढला की मॅडमनं येऊन तो उतरवायचा आणि पुन्हा सुरुवात करायची. जयवंतनं स्वतः उभं राहून ग्रामसभेत तसा ठराव केला.

मॅडमनं अभ्यासाला एक तुकडा मागून घेतला. बाकीचं कवच आम्ही वाजतगाजत डोहावर नेलं. डाव्या कुशीचा तुकडा हौसानं स्वतःच्या ओटीत घेतला होता, मला हात लावू दिला नाही. मला वाटलं, ही आता सोडायची नाही. पण ती गुडघाभर पाण्यात शिरली आणि मला म्हणाली, "तुमाला एक सांगायचं ऱ्हायलं. कुंकू लागलं तवा मंजी काय म्हणाली ठाव हाय?"

"काय?"

"घाबरली न्हवती ओ. हसली. म्हणाली, आये, माझ्याआधी देवच नवरी झाला की गं! आन् तोंडावर हात घेऊन अशी हसायला लागली, थांबंच ना. मीच तिच्या दंडाला चिमटा काढला."

हौसा हे सांगताना हसत होती. मंजीसारखी, तोंडावर हात घेऊन. मग तिनं ओटी पाण्यात सोडली.

हौसाला जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली. मी थकलो, पूजा पुतण्या करतो, पण लग्नाच्या पहाटे मी देवळाच्या दारात येऊन बसतोच. परवा वरच्या आळीतली एक पोरगी आली. बाहेर गाडीचा हॉर्न, आईच्या हातात ताट, तिची नुसती धावपळ. आत जायच्या आधी पोरीनं माझ्यापुढं वाकून नमस्कार केला, तेव्हा तिच्या हातातली वाटी मला दिसली. आत लालभडक कुंकू होतं.

वाटी चुकली, असं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण पोरीचे डोळे भरून आले होते, आणि मला अचानक मंजी इतकी आठवली, इतकी आठवली, की वाटीचं राहूनच गेलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"जा पोरी," मी म्हटलं. "दाबून लाव. त्यो विसरत न्हाय."